उतारावरची हरळी

बसस्थानकाच्या अलीकडे रस्ता आडवा उकरलेला होता. त्या चरावरून रिक्षा आदळली आणि मांडीवरच्या पिशवीतली नळी मल्लिनाथ सरांच्या बरगडीत टोचली. तसं फार काही लागलं नाही. पण सकाळपासून जे वाक्य ते मनात घोळवत होते ते त्या धक्क्यानं निसटलं आणि पुन्हा जुळेना. समोर दुसरी रिक्षा तिरकी अडकली होती. "सरक की बे! रस्ता काय सासऱ्यानं आंदण दिलाय व्हय?" त्यांचा रिक्षावाला ओरडला आणि मग मागे वळून एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, लागलं न्हाई ना?" सरांनी मान हलवली. त्यांनी पिशवीत हात घालून वर्तमानपत्राची गुंडाळी चाचपली. हातभर लांबीची काळी नळी, इंजिनियरनं चाकूनं उभी चिरलेली. तिच्या आत केसांहून बारीक, दुधी रंगाच्या मुळ्यांचा झुपका होता. पाच दिवसांत तो वाळून पिवळा पडला होता, तरी नळीला सोडत नव्हता. आधी नळी काढून टेबलावर ठेवावी आणि मग बोलावं, की आधी बोलावं? एकतीस वर्षांची सवय होती, की आधी वस्तू दाखवायची, मग प्रश्न विचारायचा, मग गप्प बसायचं आणि उत्तर मुलांकडून येऊ द्यायचं. पण आज प्रश्न कुणाला विचारणार? "धर्मराज, सुरेखाची चूक नाही. पाण्याचा व्हॉल बंद ठेवायला मी सांगितलं होतं." एवढंच तर होतं वाक्य. पाच दिवसांपूर्वी उतारावर उभं राहून म्हटलं असतं तर त्याला एक श्वास पुरला असता. आता त्यासाठी आंघोळ करावी लागली, धुतलेला सदरा घालावा लागला, रिक्षा करावी लागली. सव्वाअकरा झाले होते. सुरेखा आणि तिचा नवरा भागवत ज्या ट्रॅक्टरवर ऊसतोडीला जाणार होते तो पालीहून चार वाजता निघायचा होता. चारच्या आत धर्मराजनं एक फोन केला तर ती उतरू शकत होती.

पालीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, धर्मराजनं गोल्फचं मैदान केलं होतं. रस्त्यांची कामं घेता घेता मोठा झालेला माणूस. सरांच्या शाळेत असताना त्याला मागच्या बाकावर बसून खडूवर नावं कोरायचा नाद होता. गोल्फ म्हणजे काय ते सरांनीही पासष्टी उलटल्यावर तिथंच पाहिलं. माळाला मुद्दाम टेकाडं करायची, मुद्दाम खळगे करायचे, सगळ्यावर हिरवळ वाढवायची आणि तीत एक एवढंसं भोक पाडायचं. पालीच्या बाया त्याला हिरवं रान म्हणत. पहिल्या उन्हाळ्यात तिथं पाण्याचे तुषार-फवारे लावले होते. सपाटीवर ठीक होतं, पण टेकाडांच्या उतारावर पाणी मुरायच्या आधीच घसरायचं आणि कुंपणाखालून डांबरी रस्त्यावर यायचं. चैत्रात ओला रस्ता! घागरी घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बाया त्या ओल्या डांबराकडे बघत उभ्या राहिल्या, पोरांनी मोबाइलवर ते सगळं टिपलं, आणि ते बीडभर फिरलं. तेव्हा धर्मराज घरी आला होता. पाया पडला, सरांच्या पत्नीनं, शांतादेवींनी, केलेला चहा बशीत ओतून प्यायला आणि म्हणाला, "सर, उताराला पाणी तर द्यायचं, पण ते दिसलं न्हाई पायजे." सरांना त्या वाक्यात तेव्हा काही खटकलं नाही. त्यांना त्यात एक छान कोडं दिसलं. उताराला पाणी द्यायचं, तर ते खालून द्यावं. वीतभर खोल, हातहात अंतरावर, उताराला आडव्या नळ्या पुराव्यात, ज्यांच्या आतच बारीक छिद्रं असतात, आणि थेंब थेंब पाणी मुळांशीच सोडावं. वर ऊन लागत नाही, वारा उडवत नाही, ओघळ जात नाही. कुणी चालत गेलं तर त्याला कळतही नाही की पायाखाली पाणी चाललंय. हे सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. धर्मराज म्हणाला होता, "मग तुमीच बघा सर ते. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं?" निवृत्तीनंतर आठ वर्षांनी कुणीतरी काही विचारायला आलं होतं. ते किती गोड लागलं होतं! आता रिक्षात त्या गोडीची आठवण आली आणि सरांना जिभेवर तुरट चव आली.

आणि त्यांनीच सुरेखाचं नाव सुचवलं होतं. उतारावर पाच बाया कामाला होत्या, पण व्हॉल उघडायचे, गाळणी धुवायची, दाबाचा काटा वाचायचा, वहीत लिहायचं, हे तिच्याकडे. पहिल्या दिवशी त्यांनी पाचीजणींना सावलीत बसवलं, बशीत निळी शाई ओतली आणि तीत खडू उभा केला. शाई खडूतून वर चढायला लागली. "पाणी खालून वर जातं का?" त्यांनी विचारलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सुरेखा हसली नाही. "आठवीत दाखवलतं तुमी," ती म्हणाली. "तवा काळी शाई व्हती." तेव्हा ती तेरा वर्षांची होती, हे सरांना आठवलं. पाणी वर का चढतं, असं विचारून ते अख्खा तास खिडकीबाहेर बघत बसले होते. उत्तर सांगायचं नाही, ही त्यांची ख्याती होती. घंटा व्हायच्या बेतात ती उठून म्हणाली होती, "बारीक वाट असली की पाणी चिकटत चिकटत जातं." त्या महिन्यात दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसलेली होती. हजेरी घेताना सुरेखाचं नाव आलं की वर्ग म्हणायचा, "कारखान्याला गेली." तीन महिने त्यांनी ते नाव पुकारलं, मग पुकारायचं थांबवलं. ती आता बत्तीस-तेहतीसची होती आणि तिच्या डाव्या पंजावर कोयत्याची पांढरी रेघ होती. "पर सर," ती त्या दिवशी म्हणाली, "ही तर हरळीच हाय की! माझ्या सासूची हरळी उपटता उपटता कंबर गेली. अन् आता तिलाच पाणी पाजायचं?" या खेळाचं गवत हरळीच्याच जातीचं असतं हे खरं होतं. बाया खदखदून हसल्या, सरही हसले. "बाहेरदेशातली हरळी आहे," ते म्हणाले. "मग तर लईच नखरे असतील," सुरेखा म्हणाली.

दोन वर्षं ती कारखान्याला गेली नाही. तिच्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब नाही पडला, तिनं सोनं नाही केलं, पण दोन दिवाळ्या तिनं आपल्या दारात दिवे लावले, आणि शिमग्याला तिच्या घरी माणसं होती. तिच्या वहीचं सरांना कौतुक होतं. मोठ्या अक्षरात तारीख, वेळ, काटा, व्हॉल चालू किंवा बंद, आणि सही. सुरुवातीला ती लिहायची, 'सरांनी सांगितलं म्हणून गाळणी धुतली'. सरांनी ते खोडायला लावलं होतं. "प्रयोगवहीत आपण काय केलं आणि काय दिसलं एवढंच लिहायचं. कुणी सांगितलं ते लिहायचं नाही. विज्ञानात कुणाचं नाव नसतं." तिनं मान डोलावली होती आणि पुन्हा कधी ते नाव लिहिलं नव्हतं.

रिक्षा सुटली. पुढे औषधाच्या दुकानापाशी पुन्हा थांबली. या थांबण्यात मन त्याच एका जागेवर पुन्हा पुन्हा जात होतं, जीभ किडक्या दाताकडे जाते तसं. भाद्रपद. पावसानं उघडीप दिलेली. उतारावरची हिरवळ हिरवीगार होती पण लुसलुशीत, पोकळ. एका पाहुण्याचा बूट घसरला तेव्हा गवताचा पापुद्रा गोधडीसारखा वर आला. सरांनी वाकून पाहिलं. मुळं दोनच बोटं खोल. पावसाची आणि नळीची ओल वरवरच आयती मिळतेय, तर मुळं कशाला खाली जातील? आणि तिथं, त्या क्षणी, त्यांच्या डोळ्यांपुढे नांदूरघाटची मोसंबीची बाग उभी राहिली. वडील बागेला ताण द्यायचे. पाणी तोडायचं. दिवसामागून दिवस. पानं चुरमडायची, पिवळी व्हायची, गळायची. लहानपणी ते त्या झाडांखाली उभे राहून रडले होते आणि वडील म्हणाले होते, "झाडाला तान लागू दे, त्याशिवाय त्याला आपली ताकद कळत न्हाई." मग एका सकाळी पाटाला पाणी सोडायचे, आणि आठ-पंधरा दिवसांत पांढऱ्या फुलांनी अशी लवायची बाग की तिचा वास एसटीच्या थांब्यापर्यंत यायचा. त्या वासावर त्यांचं सगळं शिक्षकपण उभं होतं. मुलांना उत्तर द्यायचं नाही. वाट बघायची. कोरडं पडू द्यायचं. ज्यांना फुलं आली त्यांचे चेहरे त्यांना पाठ होते. ज्यांची नुसतीच पानं गळाली त्यांची त्यांनी कधी मोजदाद केली नव्हती, हे आता, रिक्षात, उन्हात, पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पिशवी घट्ट धरली.

"व्हॉल बंद कर," ते सुरेखाला म्हणाले होते. "उताराला एकवीस दिवस ताण द्यायचा."

"ह्याला कावून ताण, सर? ह्याला काय मोसंब्या लागायच्यात व्हय?"

बाया हसल्या होत्या. सरही हसले, पण जरा उशिरानं. "हरळी कधी मरते का? तूच सांग. मुळं पाणी शोधत खोल जातील. बघच तू."

"हरळी मरत न्हाई, त्ये खरं हाय," ती म्हणाली होती. तिनं व्हॉल फिरवला आणि वहीत लिहिलं. नवव्या दिवशी ती खुरप्यानं उकरून काढलेलं एक ढेकूळ घेऊन आली. ते दोन्ही हातांत धरलेलं होतं, नैवेद्यासारखं. "सर, मुळ्या खाली जाईनात. नळीलाच बिलगायल्यात बगा. लुगडं पिळावं तशा." त्यांनी पाहिलं होतं का? पाहिलं होतं. ढेकळावर नळीचा गोल ठसा होता आणि त्या ठशावर मुळांची जाळी होती. "धीर धर सुरेखा," ते म्हणाले होते. "उत्तराची घाई करायची नाही." त्यावर तिनं ढेकूळ खाली ठेवलं होतं आणि हात पदराला पुसले होते. झालं एवढंच. आणि त्यांना बरं वाटलं होतं. मुलगी संयम शिकतेय, असं वाटलं होतं. खरं तर पाटाचं पाणी आणि नळीचं पाणी यांत काय फरक आहे, हे कुणीही सांगितलं असतं. बागेत पाणी तोडलं की सगळी जमीनच सुकते. इथं जमीन सुकली तरी शेवटची ओल राहते ती नळीच्या त्या छिद्रांपाशी. तहानेलं मूळ कुठे जाईल? मूळ ओलीकडे जातं हे तर ते दरवर्षी शिकवत होते. चाळणीत ओला भुसा, त्यात हरभरे, चाळणी तिरकी टांगायची, आणि मुळं सरळ खाली जायचं सोडून भुशाकडे वळलेली दाखवायची. एकतीस वर्षं, एकतीस चाळण्या. परीक्षेला हमखास यायचा तो प्रश्न. एकविसाव्या दिवशी व्हॉल उघडला तेव्हा काटा झर्रकन चढला आणि तिथंच थरथरत राहिला. पाणी नळीत होतं, पण मातीत येत नव्हतं. छिद्रा-छिद्रात हरळी जाऊन बसली होती.

इंजिनियर आला तो दसऱ्यानंतर. तरुण, शहरातला, स्वभावानं वाईट नाही. त्यानं नळी उकरली, चिरली आणि वर धरली. मग वही मागितली. त्यानं पानं उलटली आणि मोठ्यानं वाचलं, "व्हॉल बंद. सही. व्हॉल बंद. सही." एकवीस वेळा. त्याचा आवाज हजेरी घेतल्यासारखा सपाट होता. धर्मराज सुरेखाकडे बघत होता. सर उताराच्या पायथ्याशी दहा पावलांवर उभे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. उन्हात गवताचा जळका, चिपाडासारखा वास येत होता, बुटांत खडा गेला होता, आणि तो खडा नेमका कुठे आहे याकडे त्यांचं विलक्षण लक्ष होतं. ते वाक्य तेव्हा तोंडात तयार होतं. भीती होती का? नव्हती. पगार त्यांना नव्हताच. ते नुसते गप्प राहिले. ते गप्प राहिले की समोरच्याला काहीतरी सुचतं, अशी एकतीस वर्षं सवय लागलेली. सुरेखानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती त्या चिरलेल्या नळीकडे बघत होती, अगदी उत्सुकतेनं, आठवीतल्यासारखी. धर्मराज म्हणाला, "उद्यापासून येऊ नको बाई." ती म्हणाली, "बरं." तिनं वही इंजिनियरच्या हातातून घेतली, धूळ झटकली, फळीवर ठेवली आणि गेली. नळीचा तुकडा तिथंच पडला होता. सगळे गेल्यावर सरांनी तो उचलला. का उचलला ते त्यांनाही कळलं नाही. पाच दिवस तो देवळीत, विभूतीच्या डबीशेजारी पडून होता. आज पहाटे पूजा आटोपून उठताना शांतादेवी म्हणाल्या, "पाच दिवस झाले, घास उतरंना तुमच्या घशाखाली. रोज मला कावून सांगता? मी काय हिरवळीची मालकीण हाव? ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांगा की."

धर्मराजचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. खालच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग होते आणि जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग होता. वर त्यांना बसायला सांगितलं. साहेब साइटवर गेलेत, येतीलच. साडेबारा झाले. एक वाजला. खालून मुलांचा एका सुरात पाठ म्हणण्याचा आवाज येत होता. कसली तरी सूत्रं. शिकवणारा विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, मुलं मागून म्हणायची. सरांना आयुष्यभर अशा शिकवण्याचा तिटकारा होता. आज मात्र त्यांना वाटलं, यात निदान कुणी एकटं पडत नाही. चूक झाली तर सगळ्या वर्गाची होते. दोन वाजले. त्यांनी सदऱ्यावरूनच गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं. वाक्य पुन्हा जुळवलं. अडीच वाजता धर्मराज आला. दारातूनच वाकला, पायांना हात लावला.

"सर! फोन तर करायचा. गाडी पाठवली असती की. जेवलात का?"

सरांनी नळी काढून काचेच्या टेबलावर ठेवली. वर्तमानपत्राची घडी करून खिशात ठेवली. आणि म्हणाले, "व्हॉल बंद ठेवायला मी सांगितलं होतं. ती नको म्हणत होती. तिला परत बोलाव. चारला ट्रॅक्टर निघतोय."

झालं. वाक्य बाहेर पडलं होतं. त्यांना वाटलं होतं की काहीतरी मोकळं होईल. धर्मराजनं नळी उचलून पाहिली आणि ठेवून दिली.

"म्हाईत हाय सर."

"काय माहीत आहे?"

"दुसरं कोण सांगणार तिला? मी तुमच्याच वर्गात हुतो. दोन तास उभं केलतं मला, क्षेत्रफळाच्या गणितासाठी. तुमी खिडकीतून बाहेर बघायचात." तो हसला. त्यात राग नव्हता. "मला आजपर्यंत ते गणित आलं न्हाई. आता माणसं ठेवलीत त्यासाठी."

"मग तिला का काढलंस?"

"पाचीजणींना काढलंय, सर. उताराचं कामच बंद. एकीचं नाव पुढं केलं की बाकीच्या भांडत न्हाईत." त्यानं कपाटातून तळहाताएवढा हिरवा तुकडा आणला आणि नळीशेजारी ठेवला. "हे बगा. प्लास्टिक. आजपासून उतारावर अंथरायला घेतलंय. पायथ्यापासून वर. ह्याला पाणी न्हाई, खत न्हाई, माणूस न्हाई. दिवाळीनंतर पाव्हणे यायचेत, तवर हिरवंगार." सरांनी हात लावला. पाती एकसारखी होती, सगळी एकाच बाजूला झुकलेली. खिडकीतल्या उन्हानं तुकडा तापला होता. "म्हणजे माझं सांगणं…" ते म्हणाले आणि थांबले. धर्मराजनं वाट पाहिली नाही. "तुमचं नाव कुठं येऊ दिलं न्हाई मी. येऊ देणार पण न्हाई. तुमी तेवढं मनाला लावून घेऊ नका." मग त्याला काहीतरी आठवलं. "एक गंमत मात्र झाली. तो वरचा मोठा खडक हाय ना, त्याच्या मागं एक पट्टी हाय गवताची. चार हात रुंद. ती हिरवीगार! तिथली नळी खडकामुळं येगळ्या कॉकवर जोडल्याली. तिथं बाईनं रोज पाणी दिलंय. इंजिनियर म्हणला, बघा, हिला समजत व्हतं. समजत असून बाकीचं वाळवलं, म्हंजी मुद्दाम केलं. मी म्हणलं, जाऊ दे." तो उठला. "तुमी आता तिकडं यायची दगदग करू नका, सर. पाव्हण्यांच्या कार्यक्रमाला मात्र यायचं. फेटा बांधायचाय तुमाला."

जिन्यात चपला हुडकणाऱ्या मुलांची गर्दी होती. सर भिंतीला धरून उतरले. त्या पट्टीबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. रोज ते उताराच्या माथ्यावर उभे राहून खाली बघत, आणि खडकाच्या मागचं तिथून दिसत नसे. तीन वाजायला आले होते. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी फोन लावला. तिकडे इंजिनाची धडधड होती.

"कोन, सर? बोला की. मोठ्यानं बोला. टॅक्टर सुरू हाय."

"अजून चार वाजले नाहीत."

"मुकादम म्हणला, आत्ताच निघू, उन्हं उतरायच्या आत गेवराई गाठू. बसलोत आमी."

"मी धर्मराजला सांगितलं. चूक माझी होती म्हणून."

"कावून सांगितलं? काय उपेग? बाया म्हणल्या, तिथं प्लास्टिकची चटई टाकायल्यात."

"हो."

"मग नाहक तुमी बीडाला गेलात, उन्हाचं."

"सुरेखा, ती खडकामागची पट्टी."

ती हळूच, आठवीतली चोरी सापडल्यासारखं म्हणाली, "बघितली व्हय तुमी?"

"कधीपासून पाणी देत होतीस?"

"धाव्या दिसापसून. तुमीच शिकवलंत ना, एक वाफा येगळा ठेवायचा. सगळ्यालाच औषिद मारलं तर औषिदानं झालं का आपसूक झालं, कसं कळावं? म्हून म्या एक पट्टी ठिवली."

"वहीत का लिहिलं नाहीस?"

"लिवलं असतं तर तुमाला दिसलं असतं."

समोरून मुलं सायकली ढकलत चालली होती. सरांच्या मनातल्या पुढच्या प्रश्नाला तिनं न विचारताच उत्तर दिलं. "दाखवणार व्हते, सर. लई वेळा मनात आलं. पर तुमी रोज वर हुबे राहून म्हणायचात, शाबास सुरेखा, असाच धीर धर. मग कसं दाखवायचं? अन् बाकीच्या नळ्या उघडल्या असत्या तर तुमाला दिसलं असतं." मागून भागवतचा आवाज आला, "फोन ठिव अन् ते पातेलं धर, कलंडायलंय!" ती म्हणाली, "धरलंय, धरलंय." मग फोन तोंडाजवळ आणून, घाईनं, "सर, एक इचारू? माझं बरूबर व्हतं का?"

अशा वेळी ते नेहमी म्हणत, तुला काय वाटतं? तीच तर त्यांची पद्धत होती. ओठांवर ते आलंही.

"बरोबर होतं," ते म्हणाले. "सुरेखा, तुझं सगळं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून."

ती हसली. किती वर्षांत त्यांनी असं हसू ऐकलं नव्हतं. आनंद झाला होता तिला, निखळ आनंद. सरांना वाटलं, तिनं रडावं, शिव्या द्याव्यात, निदान गप्प राहावं. "मग झालं तर," ती म्हणाली. गियर पडल्याचा करकर आवाज आला. बायका ओरडल्या, भांडी वाजली, ट्रॅक्टर हलला. फोन बंद करायचा राहून गेला होता. तिनं तो कमरेला खोचला असावा, कारण आवाज आता कापडातून येत होते. सरांनीही बंद केला नाही. उन्हात तापलेल्या पायरीवर ते फोन कानाला लावून बसून राहिले. दूर कुठेतरी तिचं कुणाला तरी सांगणं ऐकू आलं, "माझे सर व्हते. बरूबर हाय म्हणले."

"काय बरूबर हाय गं?" एक बाई म्हणाली.

"काय न्हाई," सुरेखा म्हणाली. "सरक थोडी."